मेन्यूपट्टी कोणासाठीं ?

गेल्या सत्रांत आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं शाळेच्या ग्रंथालयासाठीं संगणकाचा एक प्रोग्राम तयार केला. काम मोठ्या हौसेनें केलेलें होतें. परंतु खिडकींत चौदा बटणें दाटीवाटीनें मांडलेलीं, आणि त्यांवरील अक्षरें सर्व इंग्रजी. ग्रंथालय सांभाळणारे मामा मराठी उत्तम वाचतात. पण कोणतें बटण कशाचें हें त्यांस उमगेना. ‘सेव्ह’च्या शेजारींच ‘डिलीट’ होतें. त्यांनीं तें दाबलें आणि सकाळपासूनच्या नोंदी नाहींशा झाल्या. मुलें हंसलीं. आमच्या मतें तेथें हंसण्याजोगें कांहींच नव्हतें. चूक मामांची नव्हती, रचनेची होती.

आमचे विद्यार्थी जें व्हिज्युअल स्टुडिओ वापरतात, त्यांत मेन्यूस्ट्रिप नांवाचा घटक २००५ सालापासून आहे. टूलबॉक्समधून तो ओढून फॉर्मवर सोडला कीं आपोआप वरच्या कडेस जाऊन बसतो. तो स्वतः प्रोग्रामाचें कोणतेंच काम करीत नाहीं; तो केवळ एक पात्र आहे. त्यांत शीर्षकें, शीर्षकांच्या पोटीं कलमें, आणि कलमांच्या पोटीं हवीं तर उपकलमें. काम घडतें तें कलमावर टिचकी मारल्यावर, आपण लिहिलेल्या आज्ञांमुळें. कलमाच्या जागीं नुसती एक आडवी रेघ लिहिली, तर दोन गटांमध्यें विभाजक रेषा उमटते. हें सारें तासाभरांत शिकतां येतें. कोणतें कलम कोणाच्या पोटीं घालावें, हें ठरविण्यास मात्र विचार लागतो.

हा विचार पूर्वीं थोरांनीं केला आहे. १९८३ सालच्या ॲपल कंपनीच्या ‘लिसा’ संगणकावर बिल ॲटकिन्सन यांनीं खालीं उघडणाऱ्या मेन्यूंची पट्टी पडद्याच्या माथ्यावर बसविली, व पुढील वर्षीं ती ‘मॅकिंतॉश’वर आली. माणसानें आज्ञा पाठ करूं नयेत, त्या त्याला वाचून निवडतां याव्या, हें त्या पट्टीचें मर्म आहे. ज्याला ती वाचतांच येत नाहीं, त्याच्यापुरतें तें मर्म वायां गेलें.

कांहीं पालक म्हणतील, मुलांस पुढें नोकरी करावयाची आहे, मग इंग्रजीच बरी. हा आक्षेप या बाबतींत लागू पडत नाहीं. प्रत्येक कलमास ‘नेम’ व ‘टेक्स्ट’ असे दोन निरनिराळे गुणधर्म असतात. पहिला प्रोग्राम लिहिणाराच्या उपयोगाचा. तो खुशाल इंग्रजींत असावा. दुसरा वापरणाराच्या डोळ्यांसाठीं. तेथें ‘पुस्तक द्या’, ‘पुस्तक परत घ्या’ असें स्वच्छ देवनागरींत लिहितां येतें. त्यानें विद्यार्थ्याच्या इंग्रजीचें तिळभरही नुकसान होत नाहीं.

तसेंच, ‘नोंद पुसा’ हें कलम विभाजक रेषेपलीकडे ठेवावें, व तें निवडल्यावर पुसण्यापूर्वीं एकदां विचारावें. जें कलम त्या क्षणीं लागू नाहीं तें दडवूं नये. ‘एनेबल्ड’ हा गुणधर्म बदलून फिकें करावें, म्हणजे वाट आहे पण आतां बंद आहे, हें वापरणारास कळतें.

विद्यार्थ्यांनो, संगणकास हात लावण्यापूर्वीं मेन्यूची यादी कागदावर लिहा, आणि ती ज्याला वापरावयाची आहे त्याच्यापुढें ठेवा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलाचा प्रोग्राम पाहतांना ‘वा !’ म्हणून उठूं नये. खुर्चींत बसून स्वतः चालवून पाहावा, व अडलें तर तेथेंच सांगावें. विद्या सेवेसाठीं आहे असें आम्ही प्रार्थनेच्या वेळीं नेहमीं सांगत आलों आहों. मामांस न विचारतां रचलेलीं तीं चौदा बटणें आमच्याच वर्गांत तयार झालीं, म्हणून या दोषाचा पहिला वाटा आम्ही आपल्याकडे घेतों.