‘जर’ गाळून ‘तर’ वाचणारे

गणिती लोकांनी आपल्याला फसवले, असे म्हणण्याची आपल्याकडे आता रीतच पडून गेली आहे. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा वर्तमानपत्रांतून रोज नवे आलेख झळकत होते. अमुक महिन्यात इतके रोगी, तमुक महिन्यात साथीचे शिखर! पुढे आकडे जुळले नाहीत, आणि चार शहाणी माणसे जमली की गणिती आणि कुडबुड्या जोशी एकाच पंक्तीला बसवले जाऊ लागले. या निवाड्याला माझा विरोध आहे. ऐन दिवाळीत रोगराईची चर्चा काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु घरातली सारी माणसे एकत्र असतात ती याच दिवसांत, आणि हा विषय घराघराच्या जिवाशी निगडित आहे.

मुळात हे गणित काय सांगते? एका रोग्यापासून दोघांना लागण होत असेल, तर दोघांपासून चौघांना, चौघांपासून आठांना. दहाव्या पायरीवर हा आकडा हजाराच्या पुढे जातो. मग सारे गाव आजारी का पडत नाही? कारण पुढे पुढे रोग्याला भेटणाऱ्या माणसांत पुष्कळजण आधीच रोगातून उठलेले असतात. एका रोग्यामागे एकाहून कमी नवा रोगी, अशी वेळ आली की साथ ओसरू लागते. गावात लागण न झालेली माणसे उरली असतानाही ओसरते. लस टोचून हीच अवस्था रोगाशिवाय आणता येते. कोणालाच संरक्षण नसेल तर गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो, असे मानतात. शंभरातल्या पंचाण्णव मुलांना गोवराची लस मिळालीच पाहिजे, हा आग्रह या हिशेबातून आला आहे.

हे साहेबाच्या देशातले गणित, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. १९२७ साली एडिंबरोच्या कर्मॅक आणि मॅक्केंड्रिक या दोघांनी साथींच्या गणितावरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. मॅक्केंड्रिक हे हिंदुस्थानात नोकरी केलेले डॉक्टर; कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते. आपले समीकरण ताडून पाहण्यासाठी त्यांनी आकडे घेतले ते मुंबईच्या प्लेगचे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात आठवड्यागणिक झालेले मृत्यू! साथ भरात असताना आठवड्याला नऊशेच्या आसपास माणसे मरत होती. या शास्त्राचे विद्यार्थी आज जी वक्ररेषा गिरवतात, ती आपल्या मुंबईच्या मृतांनी काढलेली आहे.

ती रेषा आकड्यांशी सुरेख जुळली. पण त्या दोघांनी बढाई मारली नाही. प्लेग मुळात उंदरांचा. आपण जे गृहीत धरले ते प्रत्यक्षात पुरते खरे नाही. तेव्हा हे समीकरण ढोबळच समजावे, असे त्यांनी त्याच निबंधात नमूद करून ठेवले. ते योग्यच होते. मुंबईत प्लेग वर्षानुवर्षे हिवाळ्याच्या अखेरीस चढे आणि उन्हाळा तापला की उतरे. साथ ओसरण्यात ऋतूचाही हात होता, आणि समीकरणात ऋतूला जागाच नव्हती. आकडे जुळले म्हणजे कारणही जुळले, असे होत नाही. परंतु ही उणीव पुढच्या अभ्यासकांना दाखवता आली, ती गृहीते उघड मांडलेली होती म्हणून. आपली गृहीते असा उघड मांडणारा ज्योतिषी कोणी पाहिला आहे काय?

गणित ‘जर’ आणि ‘तर’ असे दोन्ही सांगते. आपण ‘जर’ गाळतो आणि ‘तर’ तेवढे पाठ करतो. लंडनच्या इंपीरिअल कॉलेजने १६ मार्च २०२० रोजी एक अहवाल प्रसिद्ध केला. कोणताही प्रतिबंध केला नाही आणि लोकांनीही आपले वागणे बदलले नाही, तर ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार माणसे मरतील, असे त्यात म्हटले होते. आठवडाभरात तेथे टाळेबंदी झाली. मग पाच लाख मेले नाहीत म्हणून अहवाल खोटा! धरणाचे पाणी सुटणार, नदीकाठच्यांनी हलावे, अशी दवंडी पिटावी, लोकांनी हलावे, कोणीही वाहून जाऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी गावाने दवंडीवाल्यालाच खोटारडा ठरवावे, तसला हा न्याय आहे.

आपल्याकडेही तेच झाले. सर्व दक्षता पाळली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल, असे सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले. आपण ‘फेब्रुवारी’ ऐकला, दक्षता विसरलो. मे २०२१ मध्ये एकेका दिवसात चार लाखांहून अधिक नवे रोगी नोंदले गेले. येथे मी गणित्यांनाही मोकळे सोडणार नाही. विषाणू रूप पालटतो, हे जाणणाऱ्याने महिन्याचे नाव घेताना दहादा विचार करावयास हवा होता.

‘जर’इतकाच दुसराही एक आधार या गणिताला लागतो, तो म्हणजे खरी मोजणी. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात साथीमुळे सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये मांडला. सरकारी आकडा होता सुमारे ४ लाख ८० हजार. सरकारने त्या गणिती पद्धतीवरच आक्षेप घेतला. आक्षेप घेण्याचा हक्क मला मान्य आहे. पण अंदाज खोडून काढावयाचा तर समोर मोजणी ठेवावी लागते. २०२१ सालच्या मृत्युनोंदणीचे आकडे बाहेर आले ते मे २०२५ मध्ये. २०२० साली सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले होते. २०२१ साली १ कोटी २ लाख. यातला प्रत्येक जादा मृत्यू कोरोनाचाच, असे मी म्हणत नाही. नोंदणी सुधारली तरी आकडा वाढतो. पण मोजणी दडून बसली की अंदाजाला रान मोकळे मिळते, हे अंदाजावर रागावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मोजणी धाकाने होत नाही, हेही आपण शिकून चुकलो आहोत. १८९७ साली पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरे धुंडाळली, तेव्हा लोकांनी रोगी लपवले. ज्याला नाव सांगावयाचे त्याची भीती वाटली, की नाव सांगितले जात नाही. आणि न सांगितलेले नाव कोणत्याही समीकरणात सापडत नाही.

पुढची साथ केव्हा येईल ते मी सांगणार नाही. ती आली आणि पुन्हा आलेख झळकू लागले, म्हणजे वाचकांनी दोनच प्रश्न विचारावेत. हे कोणत्या अटीवर सांगता? आणि कोणत्या मोजणीवर? धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावणारी आपली घरे. मृत्यूचा उच्चार अभद्र म्हणून टाळण्याचे त्यांना कारण नाही. घरात कोणी गेले तर एकवीस दिवसांत नोंद करावी, आणि मृत्यूचे खरे कारण लिहिले जाईल असा आग्रह धरावा. मग राज्यकर्त्यांनाही विचारावे, की १९०६ सालची मुंबई आपले मृत आठवड्यागणिक मोजत होती, तर आज वर्षाचा हिशेब द्यावयास चार वर्षे का लागावीत?