संवादाची बैठक पाण्याकाठी भरू द्या

आपल्या शहरात दोन धर्मांची माणसं समोरासमोर बसतात ती बहुतेक वेळा पोलीस ठाण्यात. गणेशोत्सव, मोहरम, ईद, रामनवमी जवळ आली की शांतता समितीची बैठक लागते. तेच ज्येष्ठ, तोच चहा, तीच आश्वासनं. या बैठकींना मी नावं ठेवत नाही. २०२३ च्या रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात जे घडलं, ते पाहिलेला कोणीही त्यांची गरज नाकारणार नाही. पण भीतीपोटी भरलेली बैठक भीतीपुरतीच चालते. सण पार पडला की जो तो आपापल्या मोहल्ल्यात.

म्हणून तरुणांचे छोटे संवादगट मला आशेचे वाटतात. दहा-बारा मुलं-मुली गोल करून बसतात आणि आपापल्या श्रद्धेबद्दल मोकळेपणाने बोलतात. अडचण एवढीच की दोन-तीन भेटींत बोलणं आटतं. ‘सगळे धर्म शांतीच शिकवतात’ हे सगळ्यांनी म्हणून झालं की पुढे काय? माझी सूचना अशी की ही बैठक खोलीतून उचलून पाण्याकाठी न्या.

जागा शोधायला लांब जायला नको. दिल्ली दरवाजाजवळ, हिमायत बागेसमोर सलीम अली सरोवर आहे. पक्षितज्ज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) यांचं नाव त्याला नंतर मिळालं. मोगल काळात तो खिज्री तलाव म्हणून ओळखला जाई. खिज्र म्हटलं की आपल्याला सूरह कहफ आठवते. हजरत मूसा (अ.) पैगंबर असूनही एका अल्लाहच्या बंद्याकडे शिकायला जातात आणि त्यांना अट घातली जाते, मी स्वतः सांगेपर्यंत प्रश्न विचारायचा नाही. तो बंदा म्हणजेच खिज्र, असं परंपरा मानते. लोकश्रद्धेने त्यांचा संबंध पाण्याशी आणि हिरवळीशी जोडला. समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायला किती सब्र लागतो, हे त्या कथेइतकं स्पष्ट क्वचितच कोणी सांगितलं असेल. संवादगटाची पहिली बैठक भरवायला याहून चांगली जागा कोणती?

‘निसर्ग आणि अध्यात्म’ हे शब्द एकत्र आले की आपल्यातले काही जण बिचकतात. हे शिर्ककडे तर नेणार नाही ना, असं विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ द्यायला हवं. आपण सृष्टीची इबादत करत नाही, इबादत सृष्टीच्या निर्मात्याची करतो. पण कुरआन ज्या शब्दाने स्वतःच्या वचनांना ‘आयत’ म्हणतो, त्याच शब्दाने पाऊस, वारा आणि रात्र-दिवसाच्या फेऱ्यालाही आयत म्हणतो. प्रत्येक सजीव पाण्यापासून घडवला, असं तो सांगतो. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी उधळू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून दिली जाते. लावलेल्या झाडाचं फळ पाखराने खाल्लं तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका होतो, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं. हा वारसा आपला स्वतःचाच आहे. आपण तो जुम्माच्या बयानात ऐकतो आणि मशिदीबाहेर पडताना वुजूखान्याचा गळका नळ तसाच सोडतो.

मराठवाड्याच्या दुष्काळात हा वारसा बाहेर येतो. पाऊस ओढ देतो तेव्हा ईदगाहवर नमाज-ए-इस्तिस्का होते. आधी तौबा, मग दुआ. त्याच दिवसांत शेजारच्या गावात पोरं कडुलिंबाचा पाला बांधून धोंडी काढतात आणि घरोघरच्या बाया त्यांच्यावर पाणी ओततात. दोन्ही रीती वेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ करायचं कारण नाही. पण ज्या आभाळाकडे दोघं पाहतात ते एकच आहे. तुम्ही कशी दुआ मागता आणि आम्ही काय करतो, एवढं जरी एकमेकांना सांगितलं तरी ‘सगळे धर्म सारखेच’ म्हणण्यापेक्षा जास्त कळेल.

या शहराचा पायाच पाण्यावर आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकीला राजधानी वसवली आणि उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणलं. कुठलंही यंत्र नव्हतं, फक्त उताराचा अचूक हिशोब होता. पुढे अशाच नहरीच्या पाण्याने पाणचक्की फिरली आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्या वाटसरूंसाठी तिथे दळण दळलं गेलं. आज पाणचक्की म्हटलं की आपल्याला वक्फ बोर्डाचं कार्यालय आठवतं. वक्फचा इतिहास सांगताना आपण मदिनेतल्या रूमा विहिरीचं नाव घेतो. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विकत घेऊन सगळ्यांसाठी खुली केली. वक्फच्या जमिनींवर वाद घालणाऱ्यांनी, आणि त्या सांभाळणाऱ्यांनीही, ही विहीर विसरू नये.

आता पाणचक्कीला लागून वाहणाऱ्या खाम नदीकडे बघा. जटवाड्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी शहराचं सांडपाणी घेऊन गोदावरीच्या नाथसागरात जाते. आपलं पिण्याचं पाणी त्याच नाथसागरातून येतं. अनेक वसाहतींत ते कित्येक दिवसांनी येतं आणि टँकरची वाट बघणाऱ्या रांगेत कोणाचा धर्म विचारला जात नाही. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, त्यावर आपली मतं वेगळी असतील आणि ती मांडायचा हक्क सर्वांना आहे. नळाला पाणी नाही, यावर मात्र दोन मतं नाहीत. संवाद इथून सुरू करता येतो.

नाथसागराला ज्यांचं नाव आहे त्या पैठणच्या संत एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघं गोडगोड बोलत नाहीत. एकमेकांच्या रीतींवर कडक टीका करतात, चिडतात आणि शेवटी गळाभेट घेतात. भांडण होईल म्हणून विषय टाळणाऱ्या आजच्या गटांनी हे लक्षात घ्यावं. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या पुस्तकात ज्या परंपरेचा मागोवा घेतला, ती याच मातीत वाढली. मराठी ही आपलीही जुनी भाषा आहे, हे त्यातून कळतं.

कोणी म्हणेल, तलावाकाठी बसून दंगली थांबतात का? नाही थांबत. अन्यायाविरुद्ध कायद्याची लढाई कायद्यानेच लढावी लागेल आणि कुठल्याही संवादाच्या नावाखाली ती सोडायची नाही. पण अफवा पसरलेल्या रात्री ज्याला फोन लावावा असा पलीकडच्या वस्तीतला एकही दोस्त आपल्याकडे नसेल, तर ती रात्र फार लांब होते. असा दोस्त शांतता समितीत मिळत नाही. तो सोबत काम करताना मिळतो.

तर मित्रांनो, एवढं करून बघा. सणांच्या तारखा सोडून महिन्यातला एक रविवार ठरवा. दोन वस्त्यांतली दहा माणसं बोलवा, मुली निम्म्या असू द्या. आधी तासभर हाताने काम करा: खामच्या काठावरचा कचरा उचला, रोपांना पाणी घाला, आपल्या मशिदीतला आणि त्यांच्या मंदिरातला गळका नळ दुरुस्त करा. मग बसा. पहिल्या दिवशी प्रत्येकाने एवढंच सांगावं की माझ्या धर्मात पाण्याबद्दल काय शिकवलंय आणि मी त्यातलं किती पाळतो. दुसरा प्रश्न अवघड आहे, खरं बोलणं तिथूनच निघेल.

अल्लाह आपल्याला या अमानतीची जाण आणि ती पेलण्याची तौफीक देवो. आमीन.