अण्णांचा निरोप

गेल्या अंकात या सदरासाठी लेख पाठवू शकलो नाही, त्याबद्दल प्रथम वाचकांची क्षमा मागतो. मे महिन्याच्या मध्यापासून सहा आठवडे आम्ही उभयता नेदरलँड्समध्ये होतो. आपण सवयीने ज्याला हॉलंड म्हणतो, तोच हा देश. कन्या व जावई ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टलवेन येथे राहतात. पुतण्या आइंडहोवनला असतो. शिवाय माझ्याबरोबर बँकेत अनेक वर्षे काम केलेले एक स्नेही आपल्या मुलाकडे द हेगला उन्हाळ्यापुरते येऊन राहिले होते. तेव्हा तीन गावे आणि तीन घरे, असा आमचा बेत ठरला. चातुर्मास सुरू होण्यापूर्वी अक्कलकोटला परतायचे, असे सौ.ने तिकिटे काढण्याआधीच बजावले होते.

निघताना थोरले बंधू अण्णा आम्हाला पोहोचवायला अक्कलकोट रोड स्टेशनवर आले. गावापासून स्टेशन दहा-बारा किलोमीटर लांब, ऊन चव्वेचाळीस अंशांचे, आणि अण्णांचे वय चौऱ्याहत्तर. नको म्हटले तरी आले. सामान डब्यात चढवून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "त्याला विचार. दुकानाचं काय ते." एवढे बोलून ते पाण्याची बाटली आणायला निघून गेले.

दुकान म्हणजे वडिलांनी सुरू केलेली आडत. तूर, हरभरा, ज्वारी. मी बँकेत गेलो. अण्णा बावन्न वर्षे त्या गादीवर बसले. त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्याला अभियंता झाला, डेल्फ्टला पुढचे शिक्षण घेतले आणि तिकडेच नोकरीला लागला. या गोष्टीला अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत दुकानाचे पुढे काय, हा प्रश्न आमच्या घरात कोणीही उच्चारलेला नव्हता. पाडव्याला वहीपूजन होते, मुलगा व्हिडिओवर दर्शन घेतो, सगळे हसतात आणि फोन ठेवला जातो.

प्रवासाची तयारी करणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक सांगतो. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. प्रवासात आजारी पडल्यास किमान ३०,००० युरोंपर्यंतचा खर्च भरून मिळेल असा विमा लागतो. खाण्यापिण्याचे म्हणाल तर एक आनंदाची व एक काळजीची गोष्ट. आनंदाची अशी, की डच कुटुंबे संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवतात आणि जूनमध्ये सूर्य रात्री दहाला मावळतो. रात्रीभोजनाचा प्रश्नच उद्भवत नाही. सौ. तर गमतीने म्हणायची, की इथे व्रत पाळल्याचे पुण्य फार स्वस्त पडते. काळजीची अशी, की पानात जिकडेतिकडे बटाटा. लायडन शहराचा वेढा १५७४ मध्ये उठला, त्याची आठवण म्हणून तेथे ३ ऑक्टोबरला एक पदार्थ खातात. तो बटाटा, गाजर आणि कांदा एकत्र शिजवून घोटलेला असतो. तिन्ही कंदमुळे! चीज घेतानाही वेष्टन वाचावे लागते, कारण दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरण्याची पद्धत तेथे जुनी आहे. वनस्पतीजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेले विरजण वापरलेले चीजही मिळते. कन्या तेवढेच आणते.

ज्या विमानतळावर आपण उतरतो, तो स्खिपोल समुद्रसपाटीच्या तीन मीटरहून अधिक खाली आहे. तेथे पूर्वी सरोवर होते. वाफेच्या पंपांनी ते उपसून १८५२ मध्ये कोरडे केले. कुरनूर धरणात पाणी किती उरले, याची उन्हाळाभर चौकशी करणाऱ्या गावचे आम्ही. पाणी बाहेर काढून टाकण्यासाठी कर भरणारी माणसे पाहून सौ. बराच वेळ गप्प होती.

ॲमस्टरडॅममध्ये इतर लोक संग्रहालये पाहतात. मी जावयांना म्हटले, मला डाम चौकातला राजवाडा दाखवा. राजासाठी नव्हे. ती इमारत मूळची नगरसभागृहाची, आणि तेथे ॲमस्टरडॅमची विनिमय बँक होती. १६०९ मध्ये स्थापन झालेली. व्यापाऱ्यांनी नाना देशांची, झिजलेली, हलकी नाणी आणावीत, बँकेने ती तोलून खात्यावर जमा करावीत आणि सहाशे गिल्डरांहून मोठ्या हुंडीचा भरणा या खात्यांतूनच व्हावा, असा नियम. नाणे हातात न घेता एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर रक्कम फिरवणे हे आपण आज फोनवर करतो. तेथे ते बोरूने वहीत होत असे. पुढे या बँकेने डच ईस्ट इंडिया कंपनीला गुपचूप कर्जे दिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते उघडकीस आले आणि बँकेची पत गेली. मर्यादेबाहेरची उचल आणि ती वहीत न दाखवणे, हे दोन्ही रोग माझ्या परिचयाचे. त्या संगमरवरी दालनात मी अर्धा तास उभा होतो. जावई बिचारे कंटाळले असावेत.

त्याच कंपनीचे भांडवल १६०२ मध्ये उभारले गेले, तेव्हा भाग घेण्यास कोणालाही मुभा होती. ॲमस्टरडॅममध्ये ज्या संचालकाच्या घरी नोंदणीची वही ठेवली होती, त्याच्या मोलकरणीनेही शंभर गिल्डर गुंतवल्याची नोंद आहे. याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती. तिचे पडके अवशेष मी नोकरीत असताना पाहिले आहेत.

आता एक बोचलेली गोष्ट. कन्येच्या शेजारी एक वयस्क डच जोडपे राहते. त्यांनी एका रविवारी आम्हा सर्वांना जवळच्या रानातल्या उपाहारगृहात मोठ्या आग्रहाने नेले. गप्पा झाल्या, हसणे झाले, त्यांनी बिल भरले. घरी येतो न येतो तोच जावयांच्या फोनवर संदेश आला: आपल्या वाट्याचे अमुक युरो, तमुक सेंट. या सोयीला तिकडे 'टिकी' म्हणतात. एबीएन ॲम्रो बँकेने ती २०१६ मध्ये काढली. नाव ऐकून सौ.ला आधी तो खाण्याचा पदार्थ वाटला. कळल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला, आणि खरे सांगतो, माझाही. बोलावून न्यायचे आणि मागून पैसे मागायचे? आमच्याकडे दुकानात बिल भरण्यासाठी दोन पाहुणे एकमेकांचे हात धरून झोंबतात. कन्या म्हणाली, "बाबा, त्यांनी मागितले नसते तर पुढच्या वेळी आपल्याला संकोच वाटला असता. आता हिशेब संपला." मला ते पटले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गृहस्थ, वय वर्षे एकाहत्तर, नातवाच्या सायकलची साखळी बसवायला आले आणि पावसात दोन तास अंगणात गुडघ्यांवर बसले होते. त्याचे काही मागणे आले नाही.

द हेगला आमचे बँकेतले स्नेही भेटले. भेट तीन आठवडे आधी ठरवून. त्यांच्या चिरंजीवांच्या वहीत त्या दिवशी दुपारी दोन ते पाच एवढीच जागा होती! अक्कलकोटला कडी वाजवून "आहात का?" म्हणणाऱ्या आम्हाला हे नवल वाटले. स्नेही म्हणाले, "पहिले आठ दिवस मलाही राग आला. आता सवय झाली. पण दोन ते पाच म्हणजे तो पुरा बसतो हां, फोन बघत नाही." तेथून आम्ही बाजारात गेलो. द हेगचा तो उघड्यावरचा बाजार फार मोठा आहे. भेंडी, कारली, वालाच्या हातभर लांब शेंगा पाहून सौ. हरखली. दुकानदार सुरीनामी हिंदुस्थानी, बोली भोजपुरीच्या जवळची. मी मोडक्या हिंदीत विचारले, मूळ गाव कोणते? त्याला ठाऊक नव्हते. कलकत्त्याहून 'लल्ला रुख' हे पहिले जहाज ५ जून १८७३ रोजी सुरीनामला पोहोचले आणि पुढील काही दशकांत चौतीस हजारांच्या आसपास माणसे उसाच्या मळ्यांत कामाला नेली गेली. करार पाच वर्षांचा. तो पुरा झाल्यावर परतीचे भाडे फुकट. तरी परत आले ते सुमारे एक तृतीयांश. सुरीनाम १९७५ मध्ये स्वतंत्र झाले, तेव्हा त्यांच्या वंशजांतले पुष्कळ लोक हॉलंडला आले. त्याने आम्हाला कारल्याचे पैसे मोजून घेतले आणि वर कोथिंबिरीची जुडी घातली. ही खूण मात्र आपल्याकडची.

त्या रात्री मला अण्णांचा निरोप फार आठवला. पाच आठवडे होत आले होते आणि मी तो पुतण्याला फोनवर सहा वेळा सांगायचे टाळले होते.

आइंडहोवन हे फिलिप्सचे गाव. १८९१ मध्ये तेथे दिव्यांचा कारखाना निघाला आणि गाव वाढले. आता शेजारच्या वेल्डहोवनला चिप बनवणारी यंत्रे तयार करणारी एएसएमएल ही कंपनी आहे. पुतण्या तिला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात आहे. सूनबाई सांगलीच्या, त्याही नोकरी करतात. शनिवारी त्यांनी आम्हाला मोटारीने सीमेपलीकडे, बेल्जियममधल्या अँटवर्पजवळ विल्रिक येथील जिनमंदिरात नेले. हिऱ्यांच्या व्यापारासाठी तेथे गेलेल्या, प्रामुख्याने पालनपूरच्या कुटुंबांचे हे संगमरवरी मंदिर. दर्शन झाल्यावर बाहेर बाकावर बसलो असता मनात आले, की या मंडळींची पेढी मुलांमागोमाग समुद्रापार आली. हिरा खिशात मावतो. तुरीची आडत कशी यायची?

रविवारी रात्री सव्वानऊला पुतण्या व मी फिरायला निघालो. लख्ख ऊन होते. मी त्याच्या घराचे कर्ज विचारले. तीस वर्षांचे, व्याजाचा दर वीस वर्षे स्थिर. दर ऐकून मी त्यातले फायदे-तोटे सांगू लागलो. तो ऐकत होता. मग थांबून म्हणाला, "काका, तीन दिवस तुम्ही काहीतरी विचारायचं टाळताय. विचारा ना."

मी विचारले.

"नाही येणार," तो म्हणाला. "दुकानासाठी नाही. आई-अण्णांसाठी दरवर्षी येईन, जास्त दिवस येईन, पण गादीवर नाही बसणार. मला तूर बघून आता ओल किती आहे ते सांगता येणार नाही, काका. दिवाणजींच्या मुलाला येतं. बारा वर्षं तो काटा सांभाळतोय. त्याला भागीदार करा. पगारी ठेवलात तर एक दिवस तो स्वतःचा गाळा घेईल आणि सगळे शेतकरी त्याच्यामागं जातील."

मी म्हटले, "हे अण्णांना का नाही सांगितलंस?"

"अण्णांनी मला कधी विचारलंच नाही. मी डेल्फ्टला निघालो तेव्हा म्हणाले, नीट जा. नोकरी लागली तेव्हा म्हणाले, बरं झालं. मला वाटायचं, त्यांना उत्तर नको असेल."

परतताना आम्ही फारसे बोललो नाही. घरी पोहोचलो तेव्हा दहा वाजत आले होते आणि पश्चिमेला अजून उजेड होता.

अक्कलकोटला आल्यावर चार दिवस अण्णांनी काहीच विचारले नाही. विमानाचे जेवण कसे होते, तिकडे पाऊस कसा, नातवाला मराठी येते का, एवढेच. नातवाला मराठी समजते, पण तो उत्तरे डचमध्ये देतो, हे मी सांगितले. पाचव्या दिवशी मीच दुकानात गेलो. दिवाणजींचा मुलगा बाहेर काट्यावर होता. मी पुतण्याचे बोलणे शब्दशः सांगितले, काहीही गाळले नाही. शेवटचे वाक्य सांगताना अडखळलो, पण तेही सांगितले.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने विचारले, "घरावर व्याज किती टक्के?" मी आकडा सांगितला. "स्वस्त आहे," म्हणाले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "तिकडे आता किती?"

"साडेतीन तास वजा करा."

त्यांनी हिशेब केला, फोन मागवून घेतला आणि मला म्हणाले, "तू जरा बाहेर बस."

मी बाहेर पोत्यांवर बसलो. अर्धा तास गेला असेल. आत काय बोलणे झाले ते अण्णांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. विचारायला हवे होते, असे आता वाटते. पण दुसऱ्या दिवशी दिवाणजींना घरी जेवायला बोलावले होते, आणि भागीदारीच्या कराराचा कच्चा मसुदा गेल्या आठवड्यापासून माझ्या टेबलावर आहे. नफ्याच्या वाटणीचे कलम अजून ठरलेले नाही. अण्णा तीस टक्के म्हणतात, पुतण्या तिकडून चाळीस म्हणतो.