गाडी केवढ्याला पडली?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये कुणी नवी गाडी आणली (नवी म्हणजे बहुतेक वेळा सेकंड हॅण्डच) की पहिला प्रश्न ठरलेला असतो. केवढ्याला पडली? मग आकडा सांगितला जातो. कुणी म्हणतं, सही डील आहे. कुणी म्हणतं, गंडवलं तुला. विषय संपतो. शेवटचं ऑइल कधी बदललंय, चेन सेट कितवा आहे, मागच्या टायरची नक्षी शिल्लक आहे का, हे कुणी विचारत नाही. गाडी खरंच केवढ्याला पडणार, ते मात्र याच प्रश्नांवर ठरतं.

स्वस्त गाडी म्हणजे काय चीज असते हे समजून घ्यायचं तर थोडं चीनकडे बघायला हवं. आपल्या रस्त्यांवर चिनी कम्युटर मोटरसायकल जवळजवळ दिसतच नाही. शंभर-सव्वाशे सीसीचं मार्केट इथल्या कंपन्यांनीच घट्ट धरून ठेवलंय. पण आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत, आग्नेय आशियात लाखो लोकांची पहिली गाडी चिनी असते. पाकिस्तानात होंडाच्या सीडी 70 सारख्या दिसणाऱ्या गाड्या ढीगभर नावांनी मिळतात आणि लोक त्यांना सरळ ‘चायना’ म्हणतात.

गंमत अशी की या चिनी गाड्यांपैकी अनेकींचं इंजिन मुळात वाईट नाहीच. त्याची वंशावळ होंडाच्या सीजी 125 पर्यंत जाते. होंडाच्या इंजिनिअर लोकांनी 1970 च्या दशकात विकसनशील देशांतल्या गिऱ्हाइकांच्या सवयी पाहिल्या. लोक गाडीवर वाट्टेल तेवढं वजन लादतात, ऑइल बदलत नाहीत आणि बंद पडेपर्यंत गॅरेजचं तोंड बघत नाहीत. (ओळखीचं वाटतंय ना?) इंजिनाच्या डोक्यात फिरणाऱ्या कॅमला तेल कमी पडलं की तो खरवडला जातो. म्हणून 1976 मध्ये आलेल्या सीजी 125 मध्ये कॅम खाली ठेवला आणि वरचे व्हॉल्व्ह पुशरॉडने उघडायची जुनी पद्धत वापरली. तंत्रज्ञानात एक पाऊल मागे, टिकाऊपणात दोन पावलं पुढे. पुढे चीनमध्ये या इंजिनाच्या इतक्या नकला निघाल्या की मोजदाद नाही. चोंगछिंग हे शहर तर मोटरसायकलचं माहेरघरच झालं. लिफान, झोंगशेन या कंपन्या 1992 मध्ये तिथेच सुरू झाल्या.

मग चिनी गाडी बदनाम का? इंजिनाच्या भोवतीच्या सगळ्या गोष्टींमुळे. बोल्टचं लोखंड मऊ, रबर पहिल्याच उन्हाळ्यात तडकणारं, चेन लवकर लांबणारी, वायरिंग पावसात रुसणारं. म्हणूनच अशी गाडी घेणाऱ्याला जाणकार मंडळी एकच यादी देतात: घरी आणली की आधी सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळ, पहिलं ऑइल लवकर फेकून दे, पेट्रोलची नळी, प्लग आणि चेन चांगल्या बनावटीची टाक. एवढं केलं तर ती निमूट चालते. न केलं तर स्वस्तात घेतलेली गाडी वर्षभरात दारात उभी राहते.

व्हिएतनाममध्ये हे सगळ्या देशाने अनुभवलं. 2000 च्या सुमाराला तिथे चिनी गाड्यांचा पूर आला. होंडाच्या साधारण एक तृतीयांश किमतीत गाडी मिळत होती, लोकांनी धडाधड घेतल्या. दोनेक वर्षांत तक्रारी सुरू झाल्या. होंडाने मधल्या काळात नाकं मुरडत बसण्याऐवजी हिशेब केला. चीनमध्ये ज्या कंपनीवर नकलेचा ठपका होता, तिच्याशीच 2001 मध्ये भागीदारी केली, काही सुटे भाग तिथूनच घ्यायला सुरुवात केली आणि 2002 मध्ये व्हिएतनाममध्ये वेव्ह अल्फा नावाची स्वस्त गाडी उतरवली. गिऱ्हाईक परत आलं. त्याला स्वस्त गाडी नको होती असं नाही. त्याला स्वस्त आणि दुरुस्त होणारी गाडी हवी होती.

आफ्रिकेतल्या गोष्टीत तर आपणच आहोत. युगांडा-केनियामध्ये मोटरसायकल टॅक्सीला ‘बोडा बोडा’ म्हणतात. या धंद्यात चिनी गाड्यांच्या समोर ठामपणे उभी राहिली ती बजाजची बॉक्सर. आपल्याकडे हे नाव आता कुणाच्या तरी काकांच्या आठवणीतच उरलंय. तिकडे मात्र दिवसभर भाडी मारणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते. गाडी आज बंद पडली तर आजची कमाई गेली. त्यामुळे तो किमतीसोबत हेही बघतो की पार्ट कोपऱ्यावर मिळतो का आणि कोपऱ्यावरच्या पोराला तो बसवता येतो का.

आता आपल्या पार्किंगमध्ये परत येऊ. 1994 मध्ये आलेली स्प्लेंडर, तिचं ते 97.2 सीसीचं इंजिन, अजून कॉलेजच्या गेटवर उभं आहे. कुठल्याही तालुक्याच्या गावी तिचा क्लच केबल मिळतो. पुण्यात नाना पेठेत गेलात तर अख्खी गाडी सुट्या भागांतून उभी करता येईल. म्हणजे व्हिएतनामच्या गिऱ्हाइकाला जे हवं होतं ते आपल्या हातात आयतं आहे. आणि आपण काय करतो? मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवतो, नंबर प्लेटवर कलाकुसर करतो, टाकीवर स्टिकर लावतो. ब्रेक लायनर मात्र लोखंडाला लोखंड घासल्याचा आवाज येईपर्यंत तसेच.

हिरो होंडाची सीडी 100 1985 मध्ये आली, तेव्हा तिची जाहिरात गाजली होती: ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा. मायलेजसाठी ते खरंच होतं. पण मला वाटतं, आपल्या दोन पिढ्यांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. पेट्रोल सोडून बाकी सगळंच विसरून गेलो.

खरं तर लक्षात ठेवायचं फार नाही. ऑइलचंच घ्या. छोट्या इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल असतं आणि तेच इंजिन, गिअर आणि क्लच, तिघांनाही पुरवायचं असतं. त्यामुळे ते लवकर थकतं. दर तीन हजार किलोमीटरला, किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत जो आकडा असेल त्याप्रमाणे, ते बदलायचं. घरात गाडीच्या म्हणजे कारच्या ऑइलचा डबा उरलाय म्हणून तेच ओतायचं नाही. बाइकचा क्लच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यामुळे क्लच घसरायला लागतो. बाइकच्या डब्यावर ‘जासो एमए’ असं लिहिलेलं असतं, तेवढं बघून घ्यायचं. आणि ऑइल बदलून झालं की रिकाम्या डब्याला भोक पाडून मगच टाकायचा. तोच डबा पुन्हा भरून सीलसकट बाजारात येऊ नये म्हणून.

चेन हा दुसरा दुर्लक्षित प्राणी. गाडी स्टँडवर घ्यायची, खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर-खाली करायची. दोन-अडीच सेंटिमीटर हलली तर ठीक. लोंबत असेल तर ती कधीतरी उतरणार, आणि उतरली तर मागचं चाक जाम होऊ शकतं. फार ताणली तरी वाईट, गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. पावसाळ्यात चेन धुऊन, पुसून तेल द्यायचं. चेन गेली की दोन्ही स्प्रॉकेटसकट सेट बदलायचा. नुसती चेन बदलून पैसे वाचवले की जुने झिजलेले दाते नव्या चेनला खाऊन टाकतात.

आणि ब्रेक. ड्रम ब्रेकच्या बाहेर, जिथे ब्रेकचा दांडा फिरतो तिथे, एक छोटा बाण असतो आणि ड्रमच्या झाकणावर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेपाशी आला की लायनर संपले. एवढं सोपं. ना हत्यार लागतं, ना फिटर. आमच्या वर्गात मी हे विचारून पाहिलं. रोज गाडीवर येणाऱ्यांपैकी एकालाही हा बाण माहीत नव्हता. लायनरची जोडी साध्या शंभर सीसीच्या गाडीला दोन-तीनशे रुपयांत येते, म्हणजे दोघांच्या पिक्चरच्या तिकिटांपेक्षाही कमी. इथेच एक सांगते: ब्रेक, टायर आणि चेन या तीन गोष्टींत डुप्लिकेट माल घेऊ नका. आरसा, फूटरेस्टचं रबर, इंडिकेटरची काच लोकल चालेल.

आपल्यातलेच काही जण संध्याकाळी लेक्चर संपलं की पाठीवर चौकोनी बॅग लावून डिलिव्हरी करतात. त्यांच्यासाठी हे सगळं हौसेचं नाही. ते पुण्यातले, नाशिकमधले बोडा बोडावालेच आहेत. गाडी एक दिवस गॅरेजला म्हणजे एक दिवसाची कमाई शून्य, वर दुरुस्तीचा खर्च. अ‍ॅपवर पेट्रोलचा हिशेब दिसतो, गाडीच्या झिजेचा दिसत नाही. महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर गाडी पळाली तर ऑइल जवळपास दर महिन्याला बदलायला हवं, आणि टायर-चेनसाठी रोजच्या कमाईतून थोडे पैसे बाजूला पडायला हवेत. ‘पार्ट टाइममध्ये एवढे कमावतो’ म्हणताना ही वजाबाकी कुणी करत नाही.

मुलींचं वेगळंच दुखणं. मी बाबांची जुनी शंभर सीसीची बाइक चालवते. गॅरेजमध्ये मी प्रश्न विचारते आणि उत्तर माझ्यासोबत आलेल्या मित्राला मिळतं, ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. ‘ताई, तुम्ही बसा, आम्ही बघतो.’ मग बिलात काय काय लावलंय ते नुसतं बघायचं. यावर एकच उपाय मला सापडला, तो म्हणजे बदललेला जुना पार्ट परत मागायचा. ‘जुना प्लग द्या, जुने लायनर द्या.’ हे दोनदा केलं की सूर बदलतो. मुलांनीही करून बघा, गंडवायला फिटर काही फक्त मुलीच शोधत नाहीत. तसे बहुतेक फिटर प्रामाणिक असतात. आपल्यालाच काही कळत नाही म्हटल्यावर तेही सांगायचा कंटाळा करतात.

एक अडचण मात्र आपल्या हाताबाहेरची आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि साध्या गाड्यांमधूनही कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. हवेसाठी चांगलंच झालं. पण पूर्वी गल्लीतला फिटर स्क्रू ड्रायव्हरने जे करायचा, त्यासाठी आता स्कॅनर लागतो आणि तो प्रत्येकाकडे नसतो. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टलवरची माहिती गल्लीतल्या गॅरेजपर्यंत, त्याच्या भाषेत पोहोचली नाही तर गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरच्या रांगेतच उभं राहणार. स्प्लेंडरला मोठं केलं ते कोपऱ्यावरच्या फिटरने. त्याला बाहेर ठेवून स्वस्त गाडी स्वस्त राहणार नाही.

आणि आता कॉलेजांकडे. बहुतेक कॉलेज पार्किंगचे पैसे घेतात. त्या पैशातून पार्किंगमध्ये हवेचा एक पंप आणि एक पान्ह्यांची पेटी ठेवायला काय हरकत आहे? नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्याच्या कोर्सला क्रेडिट आहेत. त्या यादीत गाडीची प्राथमिक देखभाल हा दोन क्रेडिटचा कोर्स का नसावा? शिकवायला माणसं शोधायलाही लांब जायला नको. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड असतो आणि तिथली मुलं आपल्याच वयाची आहेत. बीकॉमच्या मुलाला आयटीआयच्या मुलाने शिकवलं तर दोघांचंही भलं होईल. कोण वरचा, कोण खालचा हा जो फालतू समज आहे तोही जरा ढिला पडेल.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं. आपले एनएसएसवाले हेल्मेट घालून रॅली काढतात, पोस्टर होतात, फोटो होतात. हेल्मेट हवंच, त्यात वादच नाही. पण पुढच्या जानेवारीत रॅली निघण्याआधी दोघा-दोघांनी सकाळी गेटवर उभं राहावं आणि आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचा मागचा ब्रेक दाबायला लावून तो बाण बघावा. बाण खुणेपाशी असेल तर मालकाला सांगावं. एका गाडीला अर्धं मिनिट लागतं.