चॅनेल काढू इच्छिणाऱ्यांस

आपले चॅनेल कोणत्या विषयावर काढावे, हा प्रश्न हल्ली नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाइतकाच पेन्शन घेऊन घरी बसलेल्या गृहस्थासही पडू लागला असून, त्याचे उत्तर देणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेटचे दर कोसळले, जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी येऊन तेथली वर्दळ रील आणि शॉर्ट्सकडे वळली, आणि ‘कंटेंट क्रिएटर’ ही उपाधी तालुक्याच्या गावीही कोणास नवलाची वाटेनाशी झाली. या नवोदितांना मिळणारा उपदेश मात्र ठरावीक असतो: ज्या विषयाला मागणी आहे तो आधी हेरावा, त्यात नाव झालेल्यांचे थंबनेल, त्यांची पहिली तीन वाक्ये, त्यांचे पार्श्वसंगीत यांचा अभ्यास करावा, आणि मग आपली ‘स्टाइल’ ठरवावी. हा क्रमच मला उफराटा वाटतो. कारण मागणी पाहून विषय निवडणारा माणूस, तीच मागणी पाहून आधीच निघालेल्या हजारो लोकांच्या मागे जाऊन उभा राहतो, आणि तेथे त्याच्यापाशी सांगण्याजोगे असे काही असलेच तर ते कोणास ऐकूही येत नाही.

उदाहरणादाखल एखादा निवृत्त तलाठी घ्या. तीस-पस्तीस वर्षे सजा सांभाळलेल्या या गृहस्थास त्याचा पुतण्या ‘मोटिव्हेशन’वर रील करावयास सांगतो, कारण म्हणे मोटिव्हेशन चालते, आणि काका बिचारे कोणत्याशा पुस्तकातली वचने कॅमेऱ्यापुढे म्हणून दाखवतात, ज्यांची दखल नातेवाइकांखेरीज कोणी घेत नाही. त्याच काकांनी एक जुना हस्तलिखित सातबारा पुढे ठेवून, नावाशेजारच्या वर्तुळातला आकडा हा फेरफाराचा क्रमांक असतो, ज्या नावाला कंस केला आहे त्याचा हक्क कोणत्या तरी फेरफाराने संपलेला असतो, म्हणून कंसातल्या आजोबांच्या नावावर भांडायला निघण्यापूर्वी गाव नमुना सहामधली, म्हणजे फेरफार नोंदवहीतली, ती नोंद काढून, कंस वारसाने झाला, खरेदीखताने झाला की हक्कसोडपत्राने, हे पाहिले पाहिजे, एवढेच दहा मिनिटांत सांगितले, तर मुंबईत नोकरी करणारा, गावी चार गुंठ्यांचा खातेदार असलेला आणि मामलेदार कचेरीच्या नुसत्या नावाने धास्तावणारा माणूस तो व्हिडिओ दोनदा पाहील व भावालाही पाठवील. शैलीसाठीही काकांना शिकवणी लावण्याचे प्रयोजन नाही. चौथ्यांदा तीच शंका विचारणाऱ्या अर्जदाराशी बोलताना येणारा किंचित त्रासिकपणा, हरकतीची मुदत सांगताना आपोआप चढणारा आवाज, कागदावर बोट ठेवून ‘हे बघा’ म्हणण्याची लकब, ही त्यांची शैली नोकरीतच तयार झालेली असते; पुतण्या ती एडिटिंगमध्ये कापून टाकतो, हीच काय ती अडचण.

वीस वर्षांच्या मुलापाशी असे दप्तर कोठले, अशी हरकत कोणी घेईल. पण आयटीआयमध्ये मोटार रिवाइंडिंग शिकणाऱ्या मुलाला तीनपैकी एक फेज गेल्यावर विहिरीवरचा पंप का जळतो हे ठाऊक असते, आणि ते ठाऊक नसलेल्या शेतकऱ्यांची वाण नाही. शिवाय विषय नवाच असला पाहिजे असा काही दंडक नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ हे पाककृतींचे पुस्तक १९१० मध्ये निघाले होते. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९७० मध्ये, कमलाबाई ओगल्यांनी ‘रुचिरा’ लिहिले तेव्हा स्वयंपाक हा काही अनाघ्रात विषय राहिला नव्हता. तरीही त्यांनी वाटी आणि चमचा हीच मापे धरून पदार्थ असे बेतशीर सांगितले की, पहिल्यांदाच ओट्यापुढे उभ्या राहिलेल्या मुलीला कोणास विचारावे लागू नये, आणि पुस्तक घरोघर गेले. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचे ‘आपली आजी’ हे चॅनेल पाहणाऱ्यांनाही तेथे अपूर्व पाककृती मिळतात असे नव्हे. आजी आपल्या बोलीत, आपल्या चालीने सांगतात, म्हणून लोक ऐकतात.

याचा अर्थ अनुकरण हे पातक आहे, असा कोणी करू नये. नाटककार राम गणेश गडकरी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गुरू मानीत आणि ‘बाळकराम’ या नावाने विनोद लिहिताना गुरूच्याच वाटेने निघाले. आचार्य अत्र्यांनी गडकऱ्यांना गुरुस्थानी मानले, ‘केशवकुमार’ होऊन ‘झेंडूची फुले’मध्ये समकालीन कवींची विडंबने केली, आणि ज्याला दुसऱ्याच्या शैलीची नस न नस कळली आहे त्यालाच असे विडंबन साधते. तरीही गडकऱ्यांचा विनोद कोल्हटकरांचा राहिला नाही, आणि १९५६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘मराठा’ दैनिकातले अत्रे तर कोणाचेच शिष्य वाटत नाहीत. अनुकरण केव्हा तरी अपुरे पडू लागते आणि तेथून पुढे माणूस स्वतःचे बोलू लागतो. नव्या माध्यमातली गोम अशी की ते अपुरे पडू दिलेच जात नाही. पूर्वी नक्कल करणाऱ्याचे लिखाण संपादक ‘साभार परत’ करीत असे. आजचा अल्गोरिदम चालू गाण्यावर तोच हावभाव शंभराव्यांदा करणाऱ्यालाही व्ह्यूजची बक्षिसी देतो, आणि बक्षिसी मिळत असता वाट बदलण्याचे धैर्य फार थोड्यांना होते.

पैशाविषयी मात्र स्पष्ट बोललेले बरे. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळण्यास एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण (अथवा शॉर्ट्सचे नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज) लागते. फेरफारावर बोलणारे काका कालांतराने तेथवर पोहोचतीलही, पण त्या उत्पन्नावर संसार चालेल अशी हमी मी देणार नाही, आणि जे देतात त्यांचा कोर्स विकत घेऊ नये. अरुंद विषयाला जाहिरातदार कमी, त्यातून मराठीला आणखी कमी, हा व्यवहार आहे. नोकरी असेल तर ती सोडू नये.

घरात मोबाईल ज्यांच्या हाती असतो, त्या मुला-पुतण्यांना एवढीच विनंती आहे की, वडीलधाऱ्यांना ट्रेंडिंग विषय सुचवण्याऐवजी त्यांना त्यांच्या कामातला एक अडचणीचा प्रश्न विचारावा, उत्तर सुरू झाले की रेकॉर्डिंग सुरू करावे, आणि मधला खोकला कापू नये.