हेक्टराचा भाव आणि वाघाची वाट

जून २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा होता म्हणून त्याचा मार्ग कळला. एरवी असे किती वाघ निघतात आणि कोणत्या रस्त्यावर वा विजेच्या तारेवर संपतात, याची दाद कोणी घेत नाही. हा वाघ दिवसा नाल्याकाठच्या झुडपांत दडून आणि रात्री शेतांमधून चालत तेलंगणात जाऊन आला, मराठवाड्याच्या कडेने वळला आणि वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत त्याची वाटचाल तीन हजार किलोमीटरांवर गेली. एवढ्या प्रवासात त्याने एकही माणूस मारला नाही. ज्ञानगंगेत मात्र वाघीण नव्हती.

वृत्तपत्रांनी या प्रवासाला 'विक्रम' म्हटले. बीडहून कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाच्या पायपिटीला विक्रम म्हणावे, तसाच हा प्रकार होता. जागा नसलेल्याने जागा शोधीत फिरणे म्हणजे बेघरपणा. तो वाघाचा असला म्हणून त्याचे कौतुक होण्याचे कारण नाही.

या बेघरपणाचे शास्त्र आता चांगले विकसित झाले आहे. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ साली समुद्रातील बेटांवरील प्राणिजातींविषयी सिद्धान्त मांडला: बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितक्या तेथील जाती कमी. शेते, खाणी, धरणे आणि शहरे यांनी वेढलेली जंगले हीही बेटेच होत, हे पुढील अभ्यासकांनी दाखविले. राजस्थानातील सरिस्का येथे २००४-०५ मध्ये एकही वाघ उरला नव्हता. शिकार हे त्याचे तात्कालिक कारण. परंतु आपोआप चालत येऊन ती जागा भरून काढील असा वाघ शेजारी नव्हता, म्हणून २००८ पासून रणथंभोरचे वाघ उचलून तेथे न्यावे लागले. याउलट सातपुडा, मेळघाट, पेंच आणि कान्हा येथील वाघांच्या विष्ठेतून जनुके तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा, की जेथे दोन अभयारण्यांमध्ये जंगलाचा दुवा शिल्लक आहे तेथे वाघांचे परस्परांत मिसळणे टिकून आहे, आणि जेथे तो तुटला तेथे ते मंदावले आहे. थोडक्यात, वाघांचे भवितव्य जितके अभयारण्यांच्या आत ठरते तितकेच ते दोन अभयारण्यांच्या मधल्या भूमीत ठरते.

ही मधली भूमी कोणाची? तेथे गावे आहेत, गायरान आहे, मोहाची आणि तेंदूची झाडे आहेत, विदर्भात ज्याला 'झुडपी जंगल' म्हणतात ते विखुरलेले तुकडे आहेत. ही भूमी आजवर वाघाला चालण्याजोगी राहिली ती ज्यांच्या जगण्यामुळे, ते लोक गोंड, कोलाम, माना आणि छोटे कोरडवाहू शेतकरी होत. पर्यटनाचे उत्पन्न अभयारण्याच्या दारात गोळा होते. मधल्या गावाच्या वाट्याला येते ती रात्रीची राखण, मेलेली गाय आणि कधी मोह वेचायला गेलेल्या बाईचे प्रेत.

आता या भूमीचा सरकारी हिशेब पाहावा. वनजमीन खाणीसाठी वा प्रकल्पासाठी द्यावयाची तर तिचे 'निव्वळ वर्तमान मूल्य' वसूल करावयाचे, अशी पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने रूढ झाली. २००८ च्या आदेशात हे मूल्य जंगलाचा प्रकार आणि दाटी यांनुसार हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाख रुपयांपर्यंत ठरले; अभयारण्यातील जमिनीला त्याच्या पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानातील जमिनीला दहापट. दोन अभयारण्यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्यातील हेक्टराला काय? सामान्य दर. तेथील झाडी विरळ असेल तर त्याहून खालचा. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते की वस्तूचे मूल्य तिच्या जागेवरून ठरते. चौकातील दुकान आणि गल्लीतील दुकान यांचे भाडे सारखे नसते. वनजमिनीच्या बाबतीत हा साधा नियम राज्यकर्त्यांना ठाऊक नाही असे मानणे भोळेपणाचे होईल. जो हेक्टर तुटला असता सारी साखळी तुटते तोच सर्वांत स्वस्त ठेवला की खाणमालकाची निवड आपोआप ठरते. त्याबदल्यात शेकडो कोसांवर कोठेतरी सागाची रोपे लावली की हेक्टरास हेक्टर भरला, कागद पुरा झाला. त्या रोपांमधून वाघ कोठे जाणार, हा प्रश्न कागदात नाही.

संशोधकही 'किमान खर्चाचा मार्ग' काढतात, पण त्यांचा खर्च रुपयांत नसतो. वस्ती, वाहता रस्ता, उघडे रान ओलांडताना प्राण्याला किती धोका, याचे आकडे बसवून दोन जंगलांमधली सर्वांत सुलभ वाट नकाशावर काढली जाते. व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थान यांच्या २०१४ च्या अहवालात देशातील असे ३२ प्रमुख भ्रमणमार्ग दाखविले आहेत. अशी रेषा म्हणजे अंदाजाचे साधन. वाघाने तिच्यावरूनच चालावे असा करार त्याने कोणाशी केलेला नाही. टिपेश्वरच्या वाघाने तो मोडूनच दाखविला. तरीही नकाशावरील रेषेच्या बाहेर ते सारे मोकळे, असा अर्थ काढण्याचा मोह प्रकल्पवाल्यांना होतो, आणि शास्त्राची कमाल सावधगिरी नफ्याची किमान अट होऊन बसते.

पैसा नाही म्हणून वाट ठेवता येत नाही, ही सबब खोटी आहे. नागपूर-शिवनी महामार्ग पेंचच्या जंगलातून चौपदरी करावयाचा ठरला तेव्हा न्यायालयांत दीर्घ लढा झाला आणि अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत सुमारे सोळा किलोमीटरांत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट द्यावी लागली. त्यांतील सर्वांत रुंद वाट ७५० मीटरांची आहे. २०१९ मध्ये तेथील कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्य प्राणी आणि १० वाघ ये-जा करताना टिपले गेले. म्हणजे रेटा असला की पैसाही निघतो. जेथे रेटा नव्हता तेथील चित्र गोसीखुर्दच्या उजव्या कालव्यावर पाहावे. उभ्या काठांचा तो काँक्रीटचा कालवा ब्रह्मपुरीच्या वाघांच्या वाटेत आडवा पडला आहे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या त्या धरणाच्या पाण्याची विदर्भातील शेतकऱ्याने किती वर्षे वाट पाहिली, हा आणखी वेगळा विषय.

यावर वन्यजीवप्रेमी मंडळींपैकी अनेकांचा उपाय एकच: माणसे उठवा. १९ जून २०२४ रोजी प्राधिकरणाने राज्यांना पत्र लिहून व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांतील ५९१ गावे आणि ६४,८०१ कुटुंबे हलविण्याचे वेळापत्रक मागितले. या मंडळींच्या कळकळीवर संशय घेण्याचे कारण नाही. पण गाभ्यातून उठविलेले गाव कोठे वसते? बहुधा त्याच मधल्या भूमीत. बेट मोठे करण्याच्या नादात बेटांमधला पूल अरुंद होतो. खाणीचा प्रश्न आला की मात्र यांतल्या काहींचा आवाज एकाएकी खाली येतो.

परंतु समाजवादी चळवळीतील साथींनाही चार शब्द सुनावणे भाग आहे. 'वाघ हा श्रीमंतांचा शौक. आधी माणूस, मग वाघ' असे सभेत बोलले की टाळ्या पडतात. ज्या पट्ट्यातून वाघ जातो त्याच पट्ट्यात गावाचा मोह, तेंदू, बांबू, चराई आणि नाल्याचे पाणी असते. तो पट्टा खाणीला गेला तर वाघाबरोबर गावही जाते. 'वाघ की माणूस' हा प्रश्नच खाणमालकाच्या सोयीचा आहे, आणि तो पुरोगाम्यांच्या तोंडून वदवून घेण्यात त्याला फुकटची वकिली मिळते.

वस्तुतः कायद्याची हत्यारे हाताशी आहेत. वन्यजीव कायद्याचे २००६ मध्ये आलेले कलम ३८-ओ भ्रमणमार्गांची जमीन सहजी वळवू देत नाही. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याचे पाचवे कलम ग्रामसभेला वन्यजीव आणि जंगल राखण्याचा अधिकार देते. सामूहिक वनहक्क मिळविणारे मेंढा (लेखा) गडचिरोलीतच आहे. वनजमीन देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी असे २००९ च्या परिपत्रकाने सांगितले होते; २०२२ च्या नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ती पाहण्याची जबाबदारी झटकली आणि राज्यांवर ढकलली. झुडपी जंगल हे वनच आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. पण ते वन खात्याच्या कुलपात राहील की गावाच्या हक्कात, हे अजून लढून ठरवावयाचे आहे.

म्हणून चळवळीच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. भ्रमणमार्गातील प्रत्येक गावाचा सामूहिक वनहक्क आधी मान्य करावा आणि त्याच्या संमतीवाचून तेथील एकही हेक्टर वळवू नये. जोडपट्ट्याच्या जमिनीला राष्ट्रीय उद्यानाइतकाच, दहापट दर लावावा. खाणी आणि महामार्ग यांच्याकडून येणाऱ्या त्या रकमेतून, वाट राखणाऱ्या ग्रामसभांना दरवर्षी हक्काचा मोबदला मिळावा. घरातला माणूस मेल्यानंतर मिळणाऱ्या भरपाईशी त्याचा काही संबंध नसावा. गोसीखुर्दच्या कालव्यावर झाकलेले पूल बांधण्याचे काम तर कोणत्याही नव्या धोरणाची वाट न पाहता सुरू करता येण्याजोगे आहे.