चित्रांची संख्या आणि नटाचें नांव

मारधाडीच्या चित्रपटांविषयीं विद्यार्थिवर्गांत जी चर्चा चालते, तींत दोन प्रश्न वारंवार ऐकूं येतात. चित्रपट कोणत्या नव्या यंत्रयुक्तीनें काढला आहे, हा एक. आणि त्यांत नट कोण आहे, हा दुसरा. या दोन उत्तरांवरच चित्रपटाच्या बऱ्यावाईटाचा निकाल लागतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. यंत्र आणि नांव या दोहोंच्या मागें जे श्रम उभे असतात, त्यांचाही कोणी विचार करावा, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम यंत्राकडे पाहूं. चित्रपट म्हणजे वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका. मूकपटांच्या काळीं कॅमेरा हातानें फिरवीत. त्यामुळें दर सेकंदास कधीं १६, कधीं २०, अशीं चित्रें घेतलीं जात. बोलपट आला, तेव्हां ध्वनीसाठीं वेग एकसारखा ठेवणें भाग पडलें आणि २४ हा आंकडा रूढ झाला. प्रत्येक चित्र टिपतांना कॅमेऱ्याची झडप साधारणतः सेकंदाचा ४८ वा भाग उघडी असते. तेवढ्या अवधींत तलवार किंवा मूठ थोडी पुढें सरकते आणि चित्रांत तिचा पुसट माग उमटतो. हा पुसटपणा मारधाडीचा मोठाच आधार होय. ठोसा प्रतिपक्षाच्या गालापासून वीतभर दूरून गेला, तरी डोळा फसतो. उरलेलें काम ध्वनि करतो. दर सेकंदास ४८ किंवा १२० चित्रें घेऊन तितक्याच वेगानें दाखविलीं, म्हणजे हा पुसटपणा पुष्कळसा नाहींसा होतो. यासच हाय फ्रेम रेट म्हणतात. नायकाची संथ, डौलदार चाल दाखवावयाची असते तेव्हांही अधिक चित्रें घेतात. परंतु तीं २४ च्याच वेगानें दाखवितात, म्हणून हालचाल मंद भासते. युक्ति जवळजवळ एकच, पण परिणाम उलट. संथ चालीनें नट देवासारखा भासतो. हाय फ्रेम रेटनें तोच नट शेजारच्या माणसासारखा दिसूं लागतो.

अनुभवही असाच आहे. २०१२ सालीं पीटर जॅक्सन यांनीं ‘द हॉबिट’ हा चित्रपट ४८ चित्रांच्या वेगानें दाखविला, तेव्हां अनेक प्रेक्षकांनीं तक्रार केली कीं, हें सारें नाटकाच्या देखाव्यासारखें दिसतें. २०१९ सालीं अँग ली यांचा ‘जेमिनी मॅन’ निघाला. १२० चित्रांचा वेग आणि विल स्मिथसारखा जगद्विख्यात नट, शिवाय त्याचीच तेविशींतील प्रतिमा संगणकानें घडवून त्याच्यासमोर लढावयास उभी केलेली! तरीही चित्रपट तोट्यांत गेला. पुढें २०२२ सालीं ‘अवतार’चा दुसरा भाग आला. त्यांत जेम्स कॅमेरॉन यांनीं ४८ चा वेग जेथें हवा तेथेंच वापरला, आणि मुख्य पात्रांचे चेहरे तर संगणकानें रंगविलेल्या निळ्या कातडीआड होते. त्या चित्रपटास २०० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न झालें. केवळ यंत्रानें किंवा केवळ नांवानें यश येत नाहीं, हें यावरून उघड आहे.

महाराष्ट्रानें हा धडा फार पूर्वीच पाहिला होता. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत आरंभ केलेले मास्टर विठ्ठल हे मूकपटांच्या काळांतील मारधाडीचे मोठे नट. उडी, तलवार आणि चपळाई यांवर त्यांचें नांव उभें होतें. १९३१ सालीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट लागला, त्याचे नायक तेच. परंतु यंत्र आतां बोलूं लागलें होतें, आणि त्यांची जीभ उर्दू संवादांना सरावलेली नव्हती. म्हणून त्यांचें पात्र बराच वेळ गुंगींत दाखवावें लागलें, असें चित्रपटांचे इतिहासकार सांगतात. तथापि विठ्ठल संपले नाहींत. मराठी बोलपटांत त्यांनीं पुढें अनेक वर्षें कामें केलीं. यंत्रानें नांवाची परीक्षा घेतली, पण कसब नांवापेक्षां अधिक टिकाऊ ठरलें.

‘नाटकासारखें दिसतें’ ही प्रेक्षकांची तक्रार ऐकून आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील मनुष्यास मात्र हंसूंच येईल. दिवाळीपासून होळीपर्यंत, मंडई व शंकरपट यांच्या निमित्तानें, झाडीपट्टीच्या गांवोगांवीं रात्रभर नाटकें रंगतात. देसाईगंज, म्हणजे आपलें वडसा, हें त्या नाटकमंडळ्यांचें केंद्र. तेथें पडदा रंगविलेला आहे, हें प्रत्येकास दिसतें. तरीही पहांटेपर्यंत माणसें थंडींत बसून रडतात व हंसतात. स्पष्ट दिसल्यानें भ्रम मोडत नाहीं. काम कच्चें असलें म्हणजे मोडतो. गडचिरोली जिल्ह्यांतील परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, ती या रंगभूमीवरील दीर्घ सेवेसाठीं. त्यांच्या नांवावर सुमारें ५००० प्रयोग जमा आहेत.

याच रंगभूमीवर अलीकडे मुंबई-पुण्याच्या चित्रपटांतील व मालिकांतील नट-नटींस बोलावण्याची प्रथा पडली आहे. ओळखीच्या चेहऱ्यामुळें तिकिटें खपतात आणि तिकिटें खपलीं तर साऱ्या मंडळीचें पोट भरतें, हें आम्ही जाणतों. म्हणून त्या प्रथेस आम्ही सरसकट दोष देत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, रात्रभर नाटक तोलून धरणारा स्थानिक नट, ऑर्गन वाजविणारा आणि नाटक लिहिणारा, यांचीं नांवें पाहुण्याच्या छायाचित्राखालीं गडप होऊं नयेत.

मारधाडीच्या चित्रपटांतही प्रकार तोच. छपरावरून उडी घेणारा पुष्कळदां नायक नसतो. दुसराच कोणी हाडें धोक्यांत घालतो आणि टाळी नायकास पडते. पुसट चित्रांत त्या माणसास लपविणें सोपें होतें. चित्र जसजसें स्वच्छ होईल, तसतसें तें कठीण होईल. आम्हांस हाय फ्रेम रेटचा खरा उपकार वाटतो, तो हाच. अमेरिकेंतील ऑस्कर पारितोषिकें १९२९ पासून दिलीं जातात. परंतु स्टंटच्या रचनेसाठीं स्वतंत्र पारितोषिक, तेंही २०२७ च्या चित्रपटांपासून, देण्याचा निर्णय जाहीर व्हावयास २०२५ साल उजाडावें लागलें! कोणी म्हणेल, प्रेक्षक दोन घटका करमणुकीस जातो; त्यानें हा हिशेब कां ठेवावा? त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्याच्या जिवावर आपली करमणूक झाली, त्याचें नांव विचारण्यास दोन घटकाही लागत नाहींत.

चित्रें सेकंदास २४ असोत वा १२०, त्यांची मोजदाद यंत्र करील. श्रमाची मोजदाद प्रेक्षकानेंच करावयाची आहे. म्हणून विद्यार्थिमित्रांस आमची विनंती कीं, यापुढें चित्रपट संपतांच उठूं नये. शेवटीं सरकत जाणारी नामावळी वाचावी. आणि येत्या हंगामांत गांवीं नाटक लागेल, तेव्हां पत्रकावरील सर्वांत बारीक अक्षरांतील नांवें आधीं वाचावीं. चित्र स्वच्छ होत चाललें आहे. आतां श्रेयही तितकेंच स्वच्छ झालें पाहिजे.